झोपाळ्यावर ठरलेली श्रेयनामावली

ती. स्व. वकीलकाकूंस,
सा. न. वि. वि.

हे पत्र घरी पाठवले असते तर तुम्ही ते वाचून मुकाट्याने फाइलला लावले असते. म्हणून चारचौघांत लिहितो आहे. (बडोद्यातल्या दांडिया बाजाराबाहेरच्या वाचकांसाठी: 'वकीलकाकू' म्हणजे वकीलकाकांची बायको नव्हे. काका बँकेत होते. ३१ वर्षे कोर्टात उभ्या राहिल्या त्या काकू.)

मी तुमच्याकडे आलो तो भांडण घेऊन. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला आणि मगरी सोसायट्यांच्या फाटकांपर्यंत पोचल्या. त्यावरचा आमचा २६ मिनिटांचा माहितीपट तयार होता आणि अडला होता शेवटच्या दीड मिनिटावर, म्हणजे नावांवर. तीन लाख देणारे गृहस्थ म्हणत होते, पैसा माझा तर निर्माता मी. एडिटरने निम्मेच पैसे घेतले होते. राहिलेल्या निम्म्याच्या बदल्यात त्याला 'सहनिर्माता' व्हायचे होते. मी स्वतःचे नाव 'निर्माता-दिग्दर्शक' म्हणून ठळक अक्षरांत आधीच टाकून ठेवले होते. माझ्याबरोबर हा माहितीपट करणाऱ्या मैत्रिणीसाठी 'निर्मिती साहाय्य' ठेवले होते. ती भांडत नव्हती, फक्त माझा फोन घेत नव्हती.

मला वाटले होते तुम्ही म्हणाल, ज्याला जे हवे ते लिही आणि मोकळा हो. पुष्कळ माहितीपटांत तसेच होते: पैसे द्यायला जमत नाही म्हणून पदव्या वाटायच्या, आणि मग पडद्यावर निर्मात्यांची वरात निघते. तुम्ही माझ्यापुढे लिलो चिवडा सरकवलात आणि कपाटातून कॉपीराइट कायदा काढलात, १९५७चा. निर्माता म्हणजे कलाकृती घडवण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. "यात पैसा हा शब्द दिसतोय का तुला?" दिसत नव्हता. मग पुढचा धक्का. चित्रपटाचा कर्ता कायद्याच्या लेखी दिग्दर्शक नसतोच, तो निर्माता असतो. प्रदर्शनानंतर ६० वर्षे हक्क चालतात, आणि हक्कभंगाच्या खटल्यात प्रतीवर ज्याचे नाव कर्ता म्हणून असेल त्यालाच कोर्ट कर्ता धरते. तसे नाही हे दाखवून द्यायचे काम समोरच्याचे. मी जे सौजन्य म्हणून द्यायला निघालो होतो, ते एवढे होते.

कालनिर्णयच्या पानामागे तुम्ही लिहिलेले प्रश्न मी अजून जपून ठेवलेत. विषय पहिल्यांदा कोणी धरला? पैसे जमवले कोणी, आणि नुसते दिले कोणी? करारांवर सही कोणाची? मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला प्राणी, तर वनखात्याच्या खेपा कोणी घातल्या? पूरग्रस्तांची संमतिपत्रे कोणाकडे आहेत? काय ठेवायचे, काय गाळायचे यावर शेवटचा शब्द कोणाचा? आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित: उद्या नोटीस आली तर पत्ता कोणाचा?

पहिल्या प्रश्नाला माझे नाव आले. शेवटच्या शब्दालाही मी माझेच सांगितले, तुम्ही चष्म्यावरून पाहिलेत, तेव्हा 'दोघांचा' असे दुरुस्त केले. बाकी प्रत्येक ओळीपुढे मैत्रिणीचे नाव होते. नोटिशीच्या पत्त्यावर तर तिच्या आईवडिलांचे घर. मी उत्तर न देता चिवडा खात बसलो. तुम्हीही काही बोलला नाहीत, ते बरे केलेत.

तीन लाखांच्या गृहस्थांचे प्रकरण सोपे निघाले. मालिकांत कार्यकारी निर्माता म्हटले की रोजचा गाडा हाकणारा माणूस डोळ्यापुढे येतो. माहितीपटांत ते पद बहुधा पैसा उभा करणाऱ्याचे किंवा ज्याच्या शब्दाने दारे उघडतात त्याचे. अमेरिकेतल्या माहितीपट निर्मात्यांच्या संघटनेने श्रेयांसाठी मार्गदर्शिकाच काढली आहे, तिचाही रोख तोच: प्रत्यक्ष राबतो तो निर्माता. गृहस्थांना हे समजावताना मी धास्तावलो होतो. पण 'कार्यकारी' जोडल्याने पदवी लांब झाली, ते खूश झाले.

एडिटरला तुम्ही श्रेय न देता पावती दिलीत. उरलेली रक्कम आकड्यात, तारीख घालून, माझ्या सहीने. "उधारी फेडायला पडदा वापरू नकोस." तो सुरुवातीला चिडला होता. मागच्या महिन्यात त्याचा शेवटचा हप्ता दिला.

मी शेवटचा वाद घातला तो आठवतो? ही नावे वाचतो कोण? तुम्ही म्हणालात, वाचणारे वाचतात. घरी जाऊन शोधले. राष्ट्रीय पुरस्कारात उत्तम माहितीपटाचे पदक दिग्दर्शकाला मिळते तसे निर्मात्यालाही. लघु माहितीपटाच्या ऑस्करवर तर जास्तीत जास्त दोन नावे. २०२३ला 'द एलिफंट व्हिस्परर्स'साठी कार्तिकी गोन्साल्विस आणि गुनीत मोंगा यांची नावे पुकारली. चित्रपटाच्या निर्मात्यांत आणखीही नावे होती, ती चित्रपटातच राहिली. आमच्या मगरी एवढ्या लांब पोहणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

निघताना तुम्ही दारात फाळक्यांचा विषय काढलात. ते तुमच्या घराजवळच्या कलाभवनात शिकले. पुढे वाटाण्याचे रोप वाढताना कॅमेऱ्यात टिपून दाखवले तेव्हा त्यांना भांडवल मिळाले, आणि सरस्वतीबाईंनी दागिने दिले, अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोके पाडली. "त्यांना तू काय लिहिले असतेस रे?" मी म्हणालो, सहनिर्माती. तुम्ही नुसत्या हसलात. रिक्षात बसल्यावर उत्तर बदलले.

त्याच संध्याकाळी मैत्रिणीकडे जाऊन कालनिर्णयचे ते पान तिच्यापुढे ठेवले. आता पडद्यावर आधी निर्माती येते, पुढच्या कार्डावर मी, नुसता दिग्दर्शक.

तुम्ही फी घेतली नाहीत आणि 'माझे नाव कुठेही नको' असे बजावलेत. मी ते काढायलाही निघालो होतो. पण 'कायदेशीर सल्ला' हे कार्ड चार सेकंद राहणारच, असे निर्मातीने ठरवले आहे, आणि तिच्यापुढे माझे चालत नाही. हरकत असेल तर नोटीस पाठवा. पत्ता तुम्हाला माहीत आहे.

आपला,
पुराच्या पाण्यात तुमची छत्री हरवून बसलेला