ट्रकच्या तेलगळतीबद्दल

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे थेंब धरतोय, म्हणून 'मागचं क्रँक सील गेलं' असं गॅरेजवाल्याने बघताक्षणी सांगितलं म्हणालीस. म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या मागच्या टोकाशी तेल अडवणारी रिंग. असेलही. पण ते सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि ते घरी एकटीने करायचं काम नाही, त्यामुळे तिथवर जायच्या आधी बाकीचं बघून घे. तेल वरून खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो. वर टॅपेट कव्हरची, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाची, पॅकिंग गेली असली तरी थेंब पडतो तो बेल हाउसिंगच्या (इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरच्या कवचाच्या) तळाशीच.

आधी इंजिन धुऊन काढ. थंड असताना, डिग्रीजर आणि ब्रश घेऊन. अल्टरनेटर आणि वायरींचे जोड प्लास्टिकने झाक. नीट वाळलं की संशयाच्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरव आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेव. पावडर सगळ्यात वर जिथे भिजेल, गळती तिथली. ओढणी आणि केस पंख्यापासून लांब ठेव, हे तुला सांगावंच लागतं.

ऑइल फिल्टर, प्रेशर स्विच आणि ड्रेन प्लगचा वॉशर या किरकोळ गोष्टी पहिल्यांदा तपास. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहते आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला जातो, असं बऱ्याचदा होतं.

आणि ब्रीदर! जुन्या गाडीत याच्याकडे कुणी बघतच नाही. पिस्टन रिंगांच्या कडेने थोडा वायू कायम खाली उतरत असतो, तो बाहेर पडतो ब्रीदरमधून. ती वाट चिकट काजळीने बुजली की आत दाब चढतो आणि तेल सापडेल त्या सांध्यातून बाहेर पडतं. मग नवी पॅकिंगसुद्धा टिकत नाही. इंजिन आयडलला असताना तेल भरायचं झाकण फिरवून नुसतं सैल कर, उचलू नकोस. गरम तेल उडतं. डिझेल इंजिनमध्ये थोडी फुसफुस चालायचीच, पण झाकण थाडथाड उडत असेल तर ब्रीदरचा पाइप आणि जाळी काढून साफ कर. त्यानंतरही जोर तसाच राहिला तर रिंगा झिजल्या असं समज. मग नुसत्या पॅकिंगने भागणार नाही.

टॅपेट कव्हर काढलंस तर जुनी पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवड. पोलादी पात्याने ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथूनच पुन्हा गळेल. कव्हर पत्र्याचं असेल तर बोल्टांच्या भोकांभोवती ते आत दबलेलं असतं, लाकडावर ठेवून हलकेच ठोकून सपाट कर. बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे आवळ. गळू नये म्हणून कचकचून आवळतात आणि त्यानेच पॅकिंग चिरडते. मॅन्युअलमध्ये टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचं ते, दिलेला असतो, तेवढाच दे. ट्यूबभर सिलिकॉन थापणाऱ्यांचं तर मला काही कळतच नाही. जास्तीचं आतल्या बाजूला पिळून निघतं, त्याचा तुकडा तुटून तेलाच्या जाळीत अडकला तर इंजिनच बसेल.

खाली शिरायचं झालं तर जमीन सपाट हवी, चाकांना पुढूनमागून ठोकळे हवेत आणि वजन घोड्यांवर, म्हणजे गाडीखाली लावायच्या लोखंडी स्टँडवर, हवं. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातही घालायचा नाही. हातमोजे घाल, वापरलेलं तेल कातडीला वाईट. ते गटारात ओतू नकोस, डब्यात भरून ठेव.

तोवर रोज डिपस्टिक बघ. तेलाचा लाल दिवा लागला तर जिथे असशील तिथे इंजिन बंद. थेंब गरम सायलेन्सरवर पडत असतील तर गाडी बाहेर काढूच नकोस, आग लागू शकते.

पॅकिंग मागवायची घाई नको. ब्रीदरचा पाइप काढलास की त्याचा आतून फोटो पाठव.

तुझा,
बाबा