नीळ्ळु म्हणजे निळा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२४ जानेवारीला आंतरराष्ट्रीय शिक्षण दिन होऊन गेला. आता २१ फेब्रुवारीला मातृभाषा दिन येईल. शाळेशाळेत रांगोळी, फलकावर सुविचार, पाहुण्यांचं भाषण. त्याआधी माझं थोडं ऐकून घ्या.

मी मूळची बार्शीची. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत पहिलीला शिकवून निवृत्त झाले. वर्गातली बरीचशी मुलं पद्मशाली घरांतली. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी, घरात तेलुगू. मला तेलुगूचा गंध नव्हता. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एक मुलगी दप्तर छातीशी धरून टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "नीळ्ळु." मी कौतुकानं पेटीतला निळा खडू काढून तिच्या हातावर ठेवला. ती तो मुठीत धरून जागेवर जाऊन बसली. मधल्या सुट्टीत तिच्या चौथीतल्या बहिणीनं सांगितलं, "बाई, तिला पाणी पाहिजे होतं."

त्या खडूची मला अजून लाज वाटते.

आता जगाचं. २००९च्या फेरीतल्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत आपल्याकडून हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू उतरले आणि यादीच्या तळाशी गेले. पुढच्या फेऱ्यांना आपण गेलो नाही. प्रश्न आपल्या मुलांच्या जगण्यातले नाहीत, अशी आपली तक्रार होती. मला ती पटली होती. पण तीच तक्रार पूर्व भागातल्या सहा वर्षांच्या पोरानं आपल्याविरुद्ध केली, तर? पहिल्या दिवसापासून आपण त्याला त्याच्या घरात नसलेल्या शब्दांतच विचारतो आणि गप्प बसला की शेरा मारतो, 'प्रतिसाद कमी'. असे शेरे मीही मारलेत.

युनेस्कोनं मातृभाषेतून शिकवण्याचं १९५३ सालीच सांगून ठेवलंय. मातृभाषा दिनाची कल्पना तर बांगलादेशची; १९९९ साली युनेस्कोनं ती उचलली. म्हणजे असं नाही की बाहेरून येतं ते सगळं आपल्या उरावर लादलेलंच असतं. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे पाचवीपर्यंत घरची भाषा असावी असं लिहिलंय. त्या 'शक्य तिथे'मध्ये सोलापूर कुठे बसतं, ते मात्र मला निवृत्त होईपर्यंत कोणी सांगितलं नाही.

२०२० सालीच आपल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलर, त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटले. त्यांनी पाठ्यपुस्तकांत घातलेल्या क्यूआर कोडचं कौतुक घरोघरी झालं. पण पुरस्कार देणाऱ्यांनी त्यांच्याविषयी आणखी एक लिहिलं होतं: शाळेतल्या मुलींची घरची भाषा कन्नड म्हणून गुरुजी कन्नड शिकले आणि पुस्तकं त्या भाषेत केली. ते आपण वाचलं आणि सोडून दिलं. कोड छापणं सोपं. भाषा शिकायची म्हणजे चाळिशीत पुन्हा पाटी घ्यावी लागते.

मी घेतली होती, थोडी. शाळा सुटल्यावर अंगणात विड्या वळणाऱ्या बायांजवळ बसायचे. सूप मांडीवर, हात चालू, आणि मी विचारणार. नाकाला 'मुक्कु' म्हणतात कळल्यावर मी हसले, मग मी तो शब्द कसा म्हणते ते ऐकून त्या हसल्या. शाळेला 'बडि'. पुस्तकाला 'पुस्तकम्', म्हणजे तिथे तरी आमचं जमलं.

तेव्हा विनंती एवढीच. यंदा २१ तारखेला भाषण नको. पहिलीच्या प्रत्येक वर्गात आयांना बोलवा, चहा द्या, आणि घरातले पन्नास शब्द त्यांच्याकडून फळ्यावर लिहून घ्या. अक्कलकोटकडे कन्नड, इथे तेलुगू, कुठे उर्दू, तांड्यावर बंजारा. बाईंनी ते वहीत उतरवून जूनच्या पहिल्या दिवशी जवळ ठेवावेत. पाण्याचा शब्द सगळ्यात वर.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर