उसाची वाघीण

पुणे, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

चार महिने पत्र नाही, तुझा राग कबूल. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. पण आज लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही. माळ्यावर अण्णांची वही सापडली. दौंडच्या मालधक्क्यावरची, तू नागपूरला जाताना माझ्याकडे ठेवलेली.

१९५८ सालची, वजनं सगळी मणांत. बारामतीची गाडी अडीच फुटी रुळावरची, म्हणून तिच्यातला गूळ हमालांनी उतरवून मोठ्या गाडीत भरायचा. आणि पानोपानी अण्णांच्या त्या बारीक अक्षरात एकच शब्द: ‘रिकामी’. इंजिनांच्या लोको शेडला कोळसा उतरला की वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, रिकामी परत.

आणि आपली छोटी, मॉडेलची मालगाडी? इतकी वर्षं कोळसा भरून जातेय नि कोळसा भरूनच येतेय! हे आपल्याला कधी खटकलंच नाही रे.

लगेच कामाला लागलो. कोळशाचे ढीग उचलून काढता येतील असे सुटे केले. खाली थर्माकोल, त्यात चुका ठोकलेल्या, वर चहाच्या गाळणीनं चाळलेला लोणारी कोळसा. लोहचुंबक धरला की ढीग अलगद वर येतो. गूळ उघड्या वाघिणीत ठेवलाय, तेही चूकच. पहिल्या पावसात पाणी झालं असतं त्याचं. तो जाणार बंद वाघिणीत, म्हणजे दिसणारच नाही. मग ढेपा धक्क्यावर रचल्या. एक वाघीण साधारण २२ टनांची, म्हणजे सहाशे मणांच्या आसपास. दहावीस ढेपांनी काय होतंय? फूटभर रुंदीची ढेप १:८७ मापात साडेतीन मिलिमीटर, बरोबर अर्ध्या धण्याएवढी. दोनशे धणे फोडून रंगवलेत. घरभर वास सुटलाय.

आता खरं ते सांगतो. तुझी उसाची वाघीण. तेव्हाही मी म्हणत होतो, ऊस तोडला की साखरेचा उतारा घसरतो, तो बैलगाडीनं जवळच्या कारखान्यात जातो, दौंडवरून मालगाडीत नाही. तू म्हणालास, गाडीला शोभा येते. तीन आठवडे अबोला धरलास. आज वहीचं पान न् पान पाहिलं, तुझ्या बाजूनं एखादी तरी ओळ सापडावी म्हणूनच पाहिलं. ऊस कुठंच नाही.

पण त्या मोळ्या तू अण्णा दवाखान्यात होते तेव्हा रात्री जागून बांधल्यास. खराट्याच्या काड्या, काकूंचा शिवणाचा दोरा, प्रत्येक गाठ दुहेरी. वाघीण गाडीतून काढायला माझा हात होत नाही. धक्क्यामागच्या रस्त्यावर बैलगाड्या केल्या तर? गाड्या मी करतो, बैल तू कर, तुझे बैल नेहमीच माझ्यापेक्षा चांगले. मोळ्या मात्र तूच येऊन उतरव.

वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? मुलीला नोकरी लागल्याचं कळलं, फार आनंद झाला, तिला वेगळं लिहितो.

दिवाळीला ये. तोवर ती वाघीण कोळशामागंच जोडलेली राहील.

तुझा,
बंडू