महाद्वार रोडचा आकडा वेगळा छापा

महोदय,
शहराच्या हवेचा एकच आकडा वाचून कोल्हापूरकराला काहीच कळत नाही. राष्ट्रीय हवा मापन कार्यक्रमात शिवाजी विद्यापीठ, रुईकर ट्रस्ट आणि महाद्वार रोड अशी तीन ठिकाणे आहेत. विद्यापीठाच्या झाडीतली हवा आणि अंबाबाईच्या दारातली, रिक्षा-गाड्यांच्या गर्दीतली हवा यांची सरासरी कुणीच श्वासात घेत नाही.

या कार्यक्रमात हाताने मोजणी होते ती आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला किमान १०४ दिवस. यंत्र मिनिटाला सुमारे १.१ घनमीटर हवा फिल्टर पेपरमधून ओढते, म्हणजे आठ तासांच्या पाळीत ५२८ घनमीटर. तेवढ्यात पेपरचे वजन ५२.८ मिलिग्रॅमने वाढले, तर पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे बारीक धूलिकण) भरते घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम. २००९ च्या मानकांनुसार २४ तासांची मर्यादाही तेवढीच. आता मध्येच दोन तास वीज गेली, तर हवा ओढली जाते ३९६ घनमीटर. वाढलेल्या वजनाला भागाकार मात्र ५२८ नेच केला, तर आकडा थेट २५ टक्क्यांनी उतरतो! धुळीने पेपर तुंबला की ओढही मंदावते. म्हणून सुरुवातीचा व शेवटचा प्रवाह आणि यंत्र प्रत्यक्ष चालल्याचे तास आकड्यासोबत छापलेच पाहिजेत. पावसाळ्यात पेपर नीट न सुकवता तोलला, तर उलट वजन जास्त भरते.

वार्षिक सरासरीचेही तेच. तिची मर्यादा ६०. जून ते सप्टेंबर पाऊस धूळ बसवतो आणि त्या महिन्यांच्या जोरावर गुऱ्हाळांचा, पाचट जाळण्याचा हंगाम झाकला जातो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांजवळ राहणाऱ्यांना जानेवारीचा आकडा जानेवारीचा म्हणूनच हवा.

हवा गुणवत्ता निर्देशांकाच्या (एक्यूआय) शब्दांनीही फसगत होते. पीएम १० अडीचशे भरले, म्हणजे मर्यादेच्या अडीचपट, तरी निर्देशांक २०० आणि शेरा 'मध्यम'. हा शब्द वाचून दम्याचा रुग्ण बिनधास्त बाहेर पडेल. शेऱ्याशेजारी मायक्रोग्रॅम आणि मर्यादा दोन्ही लिहायला कितीशी जागा लागते?

कोल्हापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहर आहे. महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रत्येक ठिकाणचा आकडा वेगळा, तारखेसह, मराठीत जाहीर करावा. मोजणी झाली नसेल त्या दिवसापुढे 'मोजणी नाही' असे कारणासह लिहावे, रकाना कोरा सोडू नये.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर