आई, शनिवारी मी झोपले नव्हते

आल्मेरे, नेदरलँड्स
२४ जून

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर बोलतोच आपण, पण हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर आईने दुसऱ्याच वाक्याला "अगं पण" म्हणून अडवलं असतं आणि माझं सांगायचं राहिलं असतं. बाबांना दादाकडून वाचून घ्यायला लागू नये म्हणून अक्षर मोठं काढते आहे.

आई, शनिवारी संध्याकाळी तुझा फोन मी उचलला नाही. रविवारी तू विचारलंस तेव्हा "झोप लागली होती" म्हणाले. ते खोटं होतं. मी सायकलवर होते. मार्करमेर म्हणून मोठं सरोवर आहे, त्याला अख्खा वळसा घालून आले. एका दिवसात १६३ किलोमीटर! याआधीचं माझं सगळ्यात लांबचं अंतर ११२ होतं, गेल्या सप्टेंबरातलं. साताऱ्याहून निघून कोल्हापूर गाठायचं आणि मागे फिरून पेठ नाक्यापर्यंत यायचं, एवढं झालं हे. फक्त मध्ये खंबाटकीसारखा एकही घाट नाही. इथे सगळी सपाटी आहे.

आता तुझे प्रश्न मी आधीच घेते. एकटी गेले, हो. पण इथे सायकलचा रस्ता मोटारींपासून वेगळा असतो, ट्रक अंगावर येत नाही. हेल्मेट घातलं होतं. गुडघे दुखायचे ते मागच्या वर्षी, सीट खाली होती म्हणून. आता टाच पॅडलवर ठेवली की पाय सरळ होईल इतकी वर घेतली आहे, तेव्हापासून एकदाही दुखले नाहीत. उपाशी नव्हते. भूक लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला काहीतरी तोंडात टाकायचं, पाणी थोडं थोडं सारखं प्यायचं आणि एका बाटलीत मीठ-साखर घालायची, हे मी दीड वर्षात शिकले. आधी चाळीस, मग साठ, मग ऐंशी, असं हळूहळू वाढवत नेलंय. एकदम काही केलेलं नाही.

आणि वाट कुणाला विचारणार, भाषा तरी येते का, असं तू म्हणशील. वाट विचारावीच लागत नाही. इथे लांब फिरायला निघालेले सायकलवाले सहसा गावाच्या नावाने जात नाहीत, आकड्यांनी जातात. मला हे कळायलाच दोन महिने लागले, म्हणून नीट सांगते. सायकलचे दोन-तीन रस्ते जिथे मिळतात त्या प्रत्येक नाक्याला एक आकडा दिलेला आहे, ०१ ते ९९ मधला. आकडे ओळीने नसतात. २३ च्या पुढे ५८ येईल, मग ०४. पुढच्या भागात तेच आकडे परत येतात. प्रत्येक नाक्यावर नकाशाचा फलक असतो आणि तिथून निघणाऱ्या प्रत्येक वाटेवर पुढचा आकडा आणि बाण लावलेला असतो. घरून निघताना आपण फक्त आकडे लिहून घ्यायचे आणि एकेक खोडत जायचं. एखादी आजी सायकल थांबवून नकाशासमोर उभी राहते, ओठातल्या ओठात आकडे म्हणते आणि निघते. गावाचं नाव विचारलं तर तिला आठवायला वेळ लागतो! ऑफिसातला एकजण सांगत होता की ही पद्धत निघाली शेजारच्या बेल्जियममध्ये, १९९५ च्या सुमारास, आणि ती काढणारा खाणीतला इंजिनिअर होता. बाबा, हे ऐकल्यावर मला तुमच्या कालव्यावरचे साखळी क्रमांकाचे, म्हणजे अंतर सांगणारे, दगड आठवले. तुम्ही पण गावं कधी सांगायचा नाहीत, "अमुक किलोमीटरला पाणी गळतंय" म्हणायचा.

मी आकडे कागदी चिकटपट्टीवर पेनाने लिहून हँडलला लावले होते. फोलेंडाम गावाच्या पुढे पावसाची सर आली आणि शाई पसरली. एका इंग्रजी साताची वरची दांडी वाहून गेली आणि त्याचा एक झाला. मी त्या एकाच्या मागे लागून कुरणांतून आत कुठेतरी गेले. लक्षात येऊन परत मूळ वाटेला लागेपर्यंत सहा किलोमीटर जास्त झाले. त्या १६३ मधले सहा त्या साताचे आहेत, पण ते पायांनी मारलेत, म्हणून मी धरते.

पुढचं खास बाबांसाठी. एंकहाउझनपासून लेलिस्टाडपर्यंत पाण्यातून बांध घातला आहे, २७ किलोमीटरचा, हाउट्रिबडाइक म्हणतात. बाबा, तुम्ही इथे हवे होतात. सुरुवातीलाच एक जागा आहे जिथे बोटी वरून जातात आणि मोटारींचा रस्ता त्यांच्या खालून. हा बांध १९७५ मध्ये पुरा झाला. एका बाजूचं पाणी उपसून तिथे जमीन करायची होती, ती केलीच नाही, म्हणून सरोवर राहिलं. अलीकडे बांध मजबूत केला तेव्हा एंकहाउझनच्या बाजूच्या अर्ध्या भागाला दगडाऐवजी वाळू टाकली. रुंद, उतरती वाळू. लाट त्या उथळ उतारावरच फुटते आणि बांधापर्यंत जोर राहत नाही. पुढच्या अर्ध्याला दगडच आहे. मी सायकल उभी करून वाळू हातात घेऊन बघितली. तुम्ही साइटवर गेलात की मुरूम चिमटीत चोळून बघायचा ना, तसंच.

त्या बांधावर निम्म्याच्या जरा अलीकडे ११२ चे ११३ झाले. हँडलवरच्या मीटरचा आकडा बदलताना मी बघत होते. डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी, पुढेमागे चिटपाखरू नाही. मी मोठ्याने "बाबा, झालं!" म्हणाले. का ते माहीत नाही, तोंडातून तेच आलं.

थोडं पुढे बोटींना आसऱ्यासाठी छोटं बंदर आहे, तिथे टेकले आणि तेवढ्यात फोन वाजला. आई, तुझ्याकडे सहा वाजून गेले होते. फोन माझ्या हातातच होता. उचलला असता तर वाऱ्याचा आवाज ऐकून तू विचारलंच असतंस, आणि मग मला सांगावं लागलं असतं. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी आले नाही, रजा नाही म्हणाले. रजा खरंच नव्हती गं, नोकरी बदलून तीनच महिने झाले होते. पण सायकल घेऊन दिवसभर हिंडायला वेळ आहे आणि बापाच्या डोळ्याला यायला नाही, असं कुणी म्हटलं तर मी काय उत्तर देणार? शनिवार सुट्टीचा असतो आणि एका शनिवारात साताऱ्याला येऊन जाता येत नाही, हे मला कळतं. तरी फोन वाजायचा थांबेपर्यंत मी तो नुसता धरून बसले.

लेलिस्टाडनंतरचे पस्तीस किलोमीटर सगळ्यात जड गेले. वारा समोरून होता आणि वेग पंधराच्या खाली आला. दोनदा वाटलं, मागे वळून ट्रेन धरावी. मग मागून एक आजी-आजोबा आले, सत्तरीचे तरी असतील. माझ्या पुढे गेल्यावर आजींनी मागे बघून हाताने खूण केली, आमच्या मागे ये. पुढच्याच्या अगदी मागे राहिलं की वारा अडतो आणि बरीच दमणूक वाचते. दहा-बारा किलोमीटर मी त्यांच्या पाठीआड चालवलं. आजींच्या कॅरिअरला बांधलेला निळा रेनकोट फडफडत होता, मी तेवढंच बघत होते. एका नाक्यावर त्या वळल्या आणि अंगठा दाखवून गेल्या. नाव विचारायचं राहिलं. घरी पोचले तेव्हा साडेसात झाले होते आणि चांगलं ऊन होतं. इथे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा अंधाराची काळजी नको. हो, आणि घर समुद्राच्या पातळीखाली आहे म्हणून रोज विचारू नकोस. १९६८ पर्यंत इथे पाणी होतं हे खरं, पण बांध बघून आले आता, भक्कम आहे.

सायकल जुनी घेतली आहे, माझ्या साठवलेल्यातून. घरी पाठवायच्या पैशाला हात लावलेला नाही. एक तारखेला नेहमीसारखे जमा होतील, त्यात ऑपरेशनचे दादाने भरलेले पण असतील. त्याने नको म्हटलं तरी घ्यायला लाव. घराच्या कर्जाचे चार हप्ते राहिलेत, ते माझ्यावर सोडा.

पुण्याच्या स्थळाचं तू दोनदा विचारलंस. बोलले मी त्याच्याशी, रविवारी. सायकलचं त्याला सांगितलं, तुमच्याआधी, त्याबद्दल रागावू नकोस. तो म्हणाला, "वारा कुठल्या बाजूने होता?" बाकीच्यांनी दुखलं का ते विचारलं, याने वारा विचारला. हो म्हणत नाही मी अजून. पण नाही असंही त्यांना कळवू नकोस. दिवाळीत येते आहे, तिकीट काढलंय, तेव्हा समोरासमोर भेटू दे.

बाबा, थेंब वेळेवर घालताय ना? काळा चष्मा लावल्याशिवाय अंगणात जाऊ नका.

तुमची,
धाकटी