सतरंजीवरचा दर्प आणि फिनेलचा सल्ला

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील घरगुती सल्ल्यांच्या चौकटीत, मांजराने सतरंजीवर किंवा गालिच्यावर लघवी केल्यास ती जागा फिनेलने पुसावी, तरीही वास राहिल्यास ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडावे आणि वाळल्यावर घडीत डांबरगोळ्या ठेवाव्यात, असे सुचवले आहे. चौकट चार ओळींचीच होती. पण अशी कात्रणे स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराला आतून चिकटवून वर्षानुवर्षे वापरली जातात, म्हणून हे थोडे सविस्तर लिहिते आहे. मी निवृत्तीपर्यंत शाळेत रसायनशास्त्र शिकवले आणि गेली अकरा वर्षे आमच्या घरात मांजरे आहेत. त्या अनुभवावरून सांगते की यांपैकी एकाही उपायाने दर्प मुळातून जात नाही. उलट तिन्ही मांजराला अपायकारक आहेत आणि ब्लीचिंग पावडर तर माणसालाही.

मूत्रातील युरियाचे जिवाणूंमुळे विघटन होऊन अमोनिया तयार होतो. त्यावर ब्लीचिंग पावडरचे पाणी पडले की क्लोरामाइन हे विषारी वायू निर्माण होतात, आणि पावसाळ्यात खिडक्या लावून बसलेल्या घरात डोळे चुरचुरणे, खोकल्याची उबळ येणे एवढ्यावर ते भागेलच असे नाही. काळ्या फिनेलमध्ये फिनॉल वर्गातील द्रव्ये असतात. ती निष्प्रभ करून शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार तोकडी असते, आणि पंजाला लागलेली प्रत्येक गोष्ट मांजर चाटूनच साफ करते. पांढऱ्या फिनेलमधील पाइन तेलही त्याला सोसत नाही. डांबरगोळ्यांतील नॅप्थलीनबद्दल वेगळे सांगायला नको.

मुळात हा वास धुऊनही परत का येतो, हे समजून घेतल्याखेरीज उपाय सापडत नाही. मांजराच्या मूत्रात फेलिनिन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. नसबंदी न झालेल्या बोक्यात ते विशेष जास्त. ताजे असताना त्याला फारसा वास नसतो, पण त्याचे हळूहळू विघटन होऊन जी गंधकयुक्त संयुगे तयार होतात, त्यांचा अत्यल्प अंशही नाकाला झोंबतो. शिवाय धाग्यांत मुरलेले क्षार हवेतील ओलावा ओढून घेतात, म्हणून मे महिन्यात वास गेला असे वाटते आणि मृग बरसला की तो पुन्हा डोके वर काढतो. आमच्या घरी नेमके हेच घडले. सोलापुरी सतरंजी उन्हाळ्यात साबणाच्या पाण्याने धुतली, खडखडीत वाळवली, घडी करून ठेवली आणि जूनमध्ये पाहुण्यांसाठी अंथरली, तर मांजर आत्ताच तिथून उठून गेले असावे असा दर्प! त्या वैतागात मी स्वतः, इतकी वर्षे मुलांना शिकवूनही, त्यावर ब्लीच ओतले. लाल पट्ट्याचा फिकट गुलाबी डाग झाला, वास तसाच राहिला. ती सतरंजी आता बाल्कनीतल्या सायकलवर पांघरूण म्हणून असते.

लघवी ताजी असेल तर आधी ती टिपून घ्यावी, चोळू नये. डागावर जुन्या सुती धोतराची किंवा साडीची घडी ठेवावी, तिच्यावर रद्दीचा जाड थर ठेवावा (वर्तमानपत्र थेट ठेवल्यास शाई उतरते, हे आपल्याला मी सांगावे असे नाही) आणि त्यावर उभे राहावे. कापड कोरडे निघेपर्यंत घड्या बदलत राहाव्या. निम्मे काम इथेच होते. मग थंड पाणी ओतून पुन्हा टिपावे. गरम पाणी, वाफ आणि इस्त्री टाळावी, कारण उष्णतेने डाग आणि वास धाग्यात पक्के बसतात. त्यानंतर एक वाटी पांढरे व्हिनेगर आणि दोन वाट्या पाणी एकत्र करून, कोपऱ्यावर रंग सुटत नाही ना ते पाहून, त्या जागी मुरू द्यावे. वरून आठ आण्याएवढा दिसणारा डाग खालच्या बाजूला बशीएवढा पसरलेला असतो. मूत्र जिथवर गेले तिथवर द्रावण पोहोचले नाही तर सारी मेहनत वाया जाते. व्हिनेगर टिपून जागा वाळली की खायचा सोडा पसरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी झटकून टाकावा. दोन्ही एकदम ओतून फेस काढण्याची पद्धत अलीकडे फार दिसते. तो फेस दिसायला छान असला तरी आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात आणि हाती जवळजवळ साधे खारट पाणी उरते.

जुना डाग आधी शोधावा लागतो. नोटा तपासायला दुकानदार वापरतात तो जांभळ्या उजेडाचा टॉर्च अंधारात फिरवला की मूत्राचे डाग फिकट पिवळसर-हिरवट चमकतात. खडूने त्यांच्याभोवती रेघ मारून ठेवावी. अशा डागांवर पाळीव प्राण्यांच्या वस्तूंच्या दुकानात मिळणारा विकरयुक्त, म्हणजेच एन्झाइमचा, क्लीनर सर्वांत उपयोगी पडतो, मात्र तो फवारून लगेच पुसण्याने काही होत नाही. विकरांना ओलावा आणि वेळ लागतो, त्यामुळे जागा भिजवून, वर प्लास्टिक झाकून काही तास ठेवावी लागते. फिकट सुती कापडावर हायड्रोजन पेरॉक्साइडही चालते, कारण गंधकयुक्त संयुगांचे त्याने ऑक्सिडीकरण होते. परंतु आपल्याकडे औषधांच्या दुकानात ते बहुधा सुमारे ६ टक्के तीव्रतेचे मिळते, तेव्हा वापरण्यापूर्वी त्यात तितकेच पाणी घालावे आणि रंगीत सतरंजीला ते लावूच नये.

घोंगडीची गोष्ट निराळी, आणि या बाबतीत त्या चौकटीने वाचकांचे सर्वांत मोठे नुकसान केले असते. लोकर हे प्रथिन आहे. ब्लीचमध्ये ती अक्षरशः विरघळते, आणि प्रथिने तोडणारे विकर डागाबरोबर लोकरही कुरतडतात, म्हणून अशा क्लीनरच्या वेष्टनावरील सूचना आधी वाचावी. घोंगडीला थंड पाणी आणि सौम्य व्हिनेगर पुरते. ती पिळू नये, घासू नये, आणि भिजल्यावर फार जड होत असल्याने एका दोरीवर न टाकता दोन दोऱ्यांवर आडवी पसरून सावलीत वाळवावी. रेशमी गालिचा मात्र घरी हाताळण्याच्या फंदात पडू नये.

एक मुद्दा त्या सल्ल्यात पूर्णपणे सुटला आहे. इतके दिवस मातीच्या टोपलीत जाणारे मांजर अचानक सतरंजीवर बसू लागले, तर तो खोडसाळपणा नसून मूत्रमार्गाचा आजार असू शकतो. विशेषतः बोका वारंवार बसतो, कण्हतो आणि थेंबही होत नाही असे दिसले, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. मूत्रमार्ग तुंबल्यास एक-दोन दिवसांतही जीव जाऊ शकतो. शेपटी उभी करून भिंतीवर, पडद्यावर पिचकारी मारणे हा हद्द आखण्याचा प्रकार असतो आणि नसबंदीने तो बहुतेक बोक्यांमध्ये कमी होतो.

आपल्याला विनंती एवढीच, की येत्या रविवारी त्याच चौकटीत, तेवढ्याच ठळक अक्षरांत, फिनेल, ब्लीचिंग पावडर आणि डांबरगोळ्यांचा सल्ला मागे घेतल्याचे छापावे. जागा कमी असल्यास माझे बाकीचे पत्र गाळले तरी चालेल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली