धुऱ्यावरची प्रार्थना

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

फोनवर एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली नाही, मी लपवली. यंदा दुबार पेरणी करावी लागली.

बाबा, ताईकडे नागपूरला निघताना तुम्ही बजावलं होतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय तिफण काढू नको. मृगाच्या पहिल्या सरीवर गावात दोघातिघांनी पेरलं आणि माझा धीर सुटला. तीन एकर सोयाबीन टाकलं. मग बावीस दिवस आभाळ कोरडं. उगवलं तेवढ्यानं माना टाकल्या, बाकीचं मातीतच गेलं. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून तुम्ही बियाणं तपासलं होतं, ऐंशी उगवले होते. खोट बियाण्यात नव्हती.

रोज रात्री मी पावसासाठी प्रार्थना करत होतो. खरं तर घाई माझी होती आणि ती देवानं झाकावी असं मागत होतो. पंधराव्या दिवशी तेही सोडलं. रविवारी उपासनेत नुसते ओठ हलवले.

तुमच्या सुनेनं पोत गहाण ठेवायला काढून दिली. एक शब्द बोलली नाही. त्या रात्री पोरांबरोबर प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ इथं माझा आवाज अडकला. धाकटीनं पुढची ओळ म्हणून टाकली, मला जमेना. आपण शेतकरी माणसं, आपला सगळा हिशेब वर्षाचा. ज्वारीची कोठी भरली की जिवाला स्वस्थता. देवाकडेही मी हंगामच मागत होतो, पेरणीपासून बाजारभावापर्यंत, एकदम. प्रभूनं शिकवलं ते आजचं मागायला. अरण्यात देवानं इस्राएल लोकांना रोज दिलेलं अन्न, तो मान्नाही तसाच होता. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढा दुप्पट वेचायचा, एरवी उद्यासाठी ठेवला की किडे पडायचे. ही गोष्ट तुम्ही मला कितीदा सांगितली असेल, बाबा! त्या रात्री टोपल्यात तीन भाकरी उरल्या होत्या. त्यांच्याकडे बघत मी देवाजवळ घाईची माफी मागितली.

लगेच पाऊस आला असं लिहिलं तर मंडळीत साक्ष चांगली होईल, पण तसं झालं नाही. आणखी चार दिवस गेले. त्या चार दिवसांत मला झोप लागत होती, एवढं मात्र खरं.

दुसऱ्या पेरणीला शेजारच्या काकांनी आपली बैलजोडी दिली. पैसे घेतले नाहीत. ते माळकरी, संध्याकाळचा हरिपाठ त्यांचा चुकत नाही. म्हणाले, “तुह्या बापानं धुऱ्यावर उभं राहून माह्या वावरासाठीबी हात जोडले हायेत. मी आयकलं हाये.” बाबा, हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, डोळे मिटून उभे राहायचे तेव्हा मला वाटायचं, आपल्याच पाच एकरांचं मागत असाल.

आई, तुला गुडघे टेकता येत नाहीत म्हणून तू रडतेस, असं ताई म्हणाली. बायबलातला हिज्कीया राजा मरणाच्या दुखण्यात पडला होता. त्यानं अंथरुणावरच भिंतीकडे तोंड फिरवून प्रार्थना केली आणि देवानं ऐकलं, त्याचे अश्रूही पाहिले. तू पलंगावर बसून कर. लक्ष्मीबाई टिळकांचं तूच आम्हांला सांगायचीस, की त्यांचे यजमान रेव्हरंड टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि लक्ष्मीबाईंचा १९००चा, आणि मधली पाच वर्षं देवानं कुणालाही ओढत नेलं नाही. मला तेव्हा ती पाच वर्षं नुसता आकडा वाटायची. बावीस दिवसांनी त्यांचं वजन कळलं.

आता सोयाबीन चार पानांवर आहे. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, खाडे पडले होते, तिथं पुन्हा बी लावून ते भरले. पोत अजून बँकेतच आहे आणि पुढं काय होईल ते मला माहीत नाही. सकाळी उठून त्या दिवसापुरतं मागतो, मग वावरात जातो.

बाबा, डॉक्टरांनी तुम्हाला इतक्यात प्रवास नको म्हटलंय. म्हणून उद्या संध्याकाळी सहाला फोन लावतो. मी धुऱ्यावर असेन, स्पीकर मोठा करीन. आपल्या वावरासाठी प्रार्थना करा आणि काकांच्या वावरासाठीही. त्यांना मी बोलावून ठेवलंय.

तुमचा लेक